आंघोळीच्या पाण्याचं मैदान

१९७३ च्या फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी, नगरमधल्या आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर विभागीय आंतरमहाविद्यालयीन हॉकी स्पर्धेचा अंतिम सामना सुरू झाला. मध्यंतराच्या आधीच पंचांनी तो थांबवला. तो पुन्हा खेळवला गेला नाही. करंडक पाहुण्या संघाला देण्यात आला.

यंदा फेब्रुवारीत पुण्याला गेलो असताना कृत्रिम गवताच्या मैदानावर मुलींचा एक सामना पाहिला. सामन्याआधी मैदानाच्या कडेच्या नळ्या सुरू झाल्या आणि पाण्याचे मोठे फवारे हिरव्या चटईवर फिरू लागले. उन्हात त्यांच्यात इंद्रधनुष्य दिसत होतं. शेजारी बसलेल्या एका राखीव खेळाडू मुलीनं मला समजावून सांगितलं, "काका, पाणी मारलं नाही ना, तर बॉल नीट पळत नाही." मी म्हणालो, "बरोबर आहे." ती आपल्या संघाकडे बघायला लागली. पाणी बराच वेळ चालू होतं. खाली गटारातून ते वाहून जाण्याचा आवाज येत होता.

नगरचा फेब्रुवारी मला वाऱ्यानं आठवतो. थंडी सकाळपुरती उरलेली असते. दुपारी वारा सुटतो आणि मोकळ्या मैदानांवरची माती उचलून घराघरांत नेऊन ठेवतो. पुस्तकांवर, पांघरुणांवर, पाण्याच्या माठावर झाकलेल्या ताटलीवर. कडुलिंबाची पानं पिवळी पडून कोपऱ्याकोपऱ्यात गोळा होतात. वसतिगृहाच्या खोल्यांतून परीक्षेची घोकंपट्टी ऐकू येऊ लागते. ह्याच दिवसांत साखळी सामने संपलेले असायचे आणि गुणतक्त्यातले वरचे चार संघ बाद फेरीला यायचे. वर्षभराचा खेळ दोन सामन्यांवर येऊन थांबायचा. हरलात की संपलं. स्टिका खोलीच्या कोपऱ्यात उभ्या करायच्या आणि अभ्यासाला बसायचं.

त्या वर्षी बाद फेरीचं यजमानपद आमच्याकडे होतं. आणि ते वर्ष दुष्काळाचं होतं.

दुष्काळाबद्दल लिहिताना लोक भेगाळलेल्या जमिनीबद्दल लिहितात. आमच्या वसतिगृहात तो ताटात दिसायचा. मेसमध्ये परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या असत. त्या थंड झाल्या की वाकत नसत, तुटत. नळाला एक दिवसाआड पाणी येई, तेही करंगळीएवढं. प्रत्येकाला आंघोळीला अर्धी बादली मिळे. त्यात कपडेही धुवायचे.

आमचं मैदान मुरुमाचं होतं. अशा मैदानाला पाणी लागतं. पाणी मारून त्यावर रोलर फिरवला की वरचा थर घट्ट बसतो आणि चेंडू सरळ जातो. पाणी नाही मिळालं तर आठवड्यात त्याचं पीठ होतं, पिठाखालचे खडे वर येतात आणि चेंडू कुठे उडेल ते चेंडूलाही कळत नाही. यजमान महाविद्यालयानं मैदान खेळण्याजोगं ठेवायचं, नाही ठेवलं तर सामना पाहुण्यांना बहाल करायचा, असा स्पर्धेचा नियम होता. दिवाळीनंतर जिमखान्याचे शिंदे सर पाणी मागायला प्राचार्यांकडे गेले. सर केडगावहून सायकलनं यायचे आणि त्यांच्या सायकलच्या दांडीला कायम एक स्टिक बांधलेली असायची. ते परत आले तेव्हा त्यांनी फक्त नकारार्थी मान हलवली.

तोड आमच्या गोलकीपरनं काढली. शमुवेल साळवे, मिशन कंपाउंडमधला. त्याचे वडील गवंडी होते. वसतिगृहाच्या न्हाणीघरामागं सिमेंटचा एक जुना हौद रिकामा पडला होता. शमुवेलनं वडिलांकडून थापी आणली, न्हाणीघराच्या मोरीला विटांचा एक छोटा पाट काढून दिला आणि सगळ्या वसतिगृहाचं आंघोळीचं पाणी त्या हौदात वळवलं. संध्याकाळी आम्ही बादल्यांनी ते पाणी उपसायचो, पत्र्याच्या डब्यांना खिळ्यानं भोकं पाडून केलेल्या झाऱ्यांनी मैदानावर शिंपडायचो आणि मग दोघा-दोघांनी लोखंडी रोलरला लागायचो.

त्या हंगामात आमच्या मैदानाला साबणाचा वास यायचा. सकाळी सरावाला उतरलं की आधी लाल साबण नाकात शिरायचा, मग माती. बाहेरचे संघ आले की पहिली काही मिनिटं इकडे तिकडे हुंगत राहायचे. कुणाच्या लक्षात यायचं नाही. आम्ही सांगत नसू.

सकाळी न्हाणीघराच्या दारात शमुवेल उभा असायचा. आंघोळीला न आलेल्यांना तो खोलीत जाऊन उठवायचा.

"ऊठ रे पाटील. मैदानाला तहान लागलीय."

"थंडी वाजतेय, शमू."

"तुझ्या थंडीचं काय घेऊन बसलास? उजव्या कोपऱ्यात धूळ उडतीय. चल, आणि पाठ नीट घास. तुझ्या पाठीवरच्या मातीनं पेनल्टी कॉर्नरची जागा भरून निघंल."

आंघोळीला कंटाळणारी मुलं त्या हिवाळ्यात रोज आंघोळ करू लागली. ज्याचं हॉकीशी काही देणंघेणं नव्हतं असा एक गणिताचा विद्यार्थी संध्याकाळी मैदानाच्या कडेला येऊन उभा राहायचा. "माझं पाणी कुठं टाकलं आज?" असं विचारायचा. शमुवेल त्याला गंभीरपणे जागा दाखवायचा.

संघाचा सेंटर हाफ नवनाथ होता. पाथर्डीकडचा. त्याला सगळे नाथा म्हणत. मी राखीव खेळाडू होतो आणि एका स्थानिक दैनिकाला सामन्यांच्या बातम्या देत असे, त्यामुळे त्याचा खेळ मी बाकावरून भरपूर पाहिला. तो फार खाली वाकून खेळायचा. इतर मुलं थोड्या वेळानं कमरेवर हात ठेवून सरळ व्हायची. नाथा सामनाभर तसाच वाकलेला असायचा आणि त्याची स्टिक जमिनीपासून सुटायची नाही. शिंदे सरांनी त्याला पहिल्या वर्षी विचारलं होतं, "ही कंबर कुणी शिकवली रे तुला?"

"उसानं," तो म्हणाला.

त्याचे आईवडील दर वर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात. लहानपणापासून तोही बरोबर जायचा. शाळा उशिरा सुरू झाली, मध्ये मध्ये सुटली, त्यामुळे महाविद्यालयात तो आमच्याहून मोठा होता. त्या वर्षी ऊसच नव्हता. कारखाने लवकर थंडावले आणि आईवडील गावाकडे परतून दुष्काळी कामावर खडी फोडायला लागले होते.

जानेवारीत त्याचे वडील वसतिगृहावर आले. त्यांना आबा म्हणत. धोतर, मळका फेटा, हाताच्या बोटांना खडीनं पडलेल्या चिरा आणि त्यांवर बांधलेल्या चिंध्या. आम्ही खोलीत होतो. त्यांनी खाटेवर बसायला नकार दिला आणि भिंतीला टेकून खाली बसले. बोलणं चालू होतं तेव्हा आम्ही उठून जायला निघालो, तर म्हणाले, "बसा की. चोरीचं थोडंच हाय."

मग मुलाला म्हणाले, "पोरगी बघितलीया. तुझ्या मामाच्या गावची. कामाची हाय."

"म्हातारीचं गुडघं गेलं. पुढच्या साली तिला फड झेपायचा न्हाई. मंग कोयता कोन धरनार?"

ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला मुकादम घेत नाही. नाथाच्या लग्नाचा अर्थ एवढाच होता, आणि खोलीतल्या सगळ्यांना तो कळला.

"आबा, फौजंत खेळाडू घेत्यात," नाथा म्हणाला. "सुभेदार येनार हाय बघायला."

"कवा?"

"फायनलला."

"घेतलं तर?"

"तर नोकरी. पगार, कपडा, जेवान. समदं."

आबांनी जरा विचार केला. "आन न्हाई घेतलं तर?"

"पुढल्या साली वयात बसत न्हाई. ह्येच येक साल हाय."

"बरं." ते उठले. "तुजी फायनल हू दे. मंग बोलू. पोरीच्या बापाला तवर सांगून ठिवतो, दम धर म्हनून."

जाताना त्यांनी न्हाणीघरामागचा हौद पाहिला. शमुवेलनं त्यांना सगळी रचना समजावून सांगितली. ते बराच वेळ त्या करड्या, फेसाळ पाण्याकडे बघत राहिले. "लई शानी हायेत पोरं," एवढंच म्हणाले आणि पाथर्डीच्या गाडीसाठी स्टँडकडे चालत गेले.

उपांत्य सामना शुक्रवारी झाला. मैदान त्या दिवशी जितकं चांगलं होतं तितकं पुन्हा कधी पाहिलं नाही. आदल्या संध्याकाळी आम्ही अर्धा हौद उपसला होता. सकाळी त्या मुरुमावर हात फिरवला तर तळहाताला काही लागत नव्हतं. चेंडू शिलाई दिसेल इतका हळू किंवा आवाज करत इतका वेगात, जसा मारावा तसा, रेषेत जात होता. नाथानं त्या सामन्यात काय केलं ते सांगणं अवघड आहे, कारण सेंटर हाफचं चांगलं काम डोळ्यांत भरत नाही. समोरच्या संघाचे हल्ले मध्येच विरून जात होते आणि आमचे पुढचे खेळाडू धावायला लागले की चेंडू आधीच त्यांच्यापुढे असायचा. आम्ही जिंकलो. पण सुभेदार त्या दिवशी आला नव्हता. त्याला रविवारीच निघता येणार होतं. शिंदे सर म्हणाले, "असू दे. हेच परवा परत करायचं." नाथा म्हणाला, "व्हय सर." संध्याकाळी त्यानं चेंडूंना पांढरा रंग दिला आणि खिडकीत वाळत ठेवले.

शनिवारी उरलेला अर्धा हौद आणि शनिवार-रविवारच्या आंघोळींचं पाणी, असा अंतिम सामन्याचा हिशेब होता. पाणी सकाळी लवकर मारायचं आणि रोलर फिरवायचा, म्हणजे दुपारपर्यंत थर बसेल, असं शिंदे सरांनी ठरवलं होतं.

रविवारी सकाळी आम्ही बादल्या घेऊन हौदाशी गेलो. हौदात तळाला राखाडी गाळ आणि कुणाचा तरी साबणाचा झिजलेला तुकडा होता. पाणी नव्हतं.

ते कुठे गेलं हे शोधायला फार फिरावं लागलं नाही. फाटकापासून बक्षीस समारंभाच्या मंडपापर्यंतचा रस्ता ओला होता. मंडपातली जमीन ओली होती. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंनी, प्रमुख पाहुण्यांची गाडी जिथे उभी राहणार तिथे आणि फरशीच्या कट्ट्यापुढे, सगळीकडे सडा घातल्यासारखं पाणी मारलेलं होतं. सगळीकडे साबणाचा वास होता.

झालं ते असं. बक्षीस समारंभाला मोठे पाहुणे येणार होते. त्यासाठी एक स्वागत समिती नेमली होती आणि तिचे प्रमुख रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक होते. त्यांनी शिपाई गंगाराममामांना सांगितलं, पाहुण्यांच्या अंगावर धूळ उडता कामा नये, सगळीकडे पाणी मारून घ्या. मामा म्हणाले, पाणी कुठलं? प्राध्यापकांनी हौद दाखवला. मामांनी सांगितलं, "ते पोरांचं पानी हाय साहेब. ग्राउंडाचं." प्राध्यापक म्हणाले, "पाणी महाविद्यालयाचं आहे, मामा. आणि ग्राउंड काय मंडपात येऊन बसणार आहे?" हा संवाद मला नंतर मामांनीच सांगितला. प्राध्यापकांनाही मी विचारलं होतं. मैदानाला पाणी लागतं याची मला कल्पना नव्हती, असं ते म्हणाले. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. मैदानाच्या कडेनं ते रोज घरी जात.

शमुवेलनं हातातली बादली भिंतीवर आपटली. मग तो मेसकडे निघाला. मेसच्या मागं पिण्याच्या पाण्याचे दोन पिंप होते, आदल्या दिवशी नळाला आलेल्या पाण्यानं भरलेले.

"दोन पिंपांत मधला पट्टा तरी होईल. दोन्ही गोलांपुढचा होईल. चला रे."

चौघं-पाचजण त्याच्या मागं गेले. नाथा पिंपांपुढे जाऊन उभा राहिला.

"न्हाई, शमू."

"सरक."

"पेयाचं पानी हाय ते."

"आज एक दिवस पोरं चहा पिऊन राहतील. मी बोलतो सगळ्यांशी. कुणी नाही म्हणणार नाही. नाथा, सुभेदार येणार आहे. तुझ्यासाठीच चाललंय ना हे?"

"म्हनून तर न्हाई." नाथा आवाज न चढवता बोलत होता. "माझी आय टँकरमागं पळती, शमू. गुडघं गेल्याली बाई. कळशीभर पान्यासाठी बाया येकमेकीच्या झिंज्या उपटत्यात तितं. आन मी पेयाचं पानी जिमिनीत वतून वर बॉल खेळू? न्हाई जमायचं."

"मग काय करायचं ते तूच सांग."

"हाय तसं खेळू. त्यास्नी बी तेच ग्राउंड हाय."

शिंदे सर तोवर आले होते. त्यांनी दोघांचं ऐकलं. त्यांनी प्राचार्यांकडे, मग नगरपालिकेच्या टँकरकडे माणूस पाठवला. टँकर वस्तीत गेला होता. तो परत बोलवा असं सरांनीही म्हटलं नाही. आम्ही कोरड्या मैदानावर रोलर फिरवला. कोरडा रोलर मुरूम दाबत नाही, फोडतो. हे आम्हाला माहीत होतं. तरी फिरवला, कारण हातांना दुसरं काम नव्हतं.

ज्या गोष्टीसाठी तीन महिने आंघोळी केल्या, ती गोष्ट एका सकाळच्या सरबराईत गेली, हे आज लिहिताना सोपं वाटतं. त्या सकाळी असं वाक्य कुणाच्या मनात आलं नाही. त्या गणिताच्या विद्यार्थ्यानं तेवढं मंडपापाशी उभं राहून विचारलं, "म्हणजे माझं पाणी इथं टाकलं?" कुणी हसलं नाही.

दुपारी वारा सुटला. बुलीनं, म्हणजे दोघांनी समोरासमोर स्टिकवर स्टिक आपटून, सामना सुरू झाला आणि पहिल्याच टक्करीत चेंडूभोवती धुळीचा गोळा उठला. त्यानंतर बाकावरून जे दिसलं ते असं: पायांपर्यंत धूळ, तिच्यावर कमरेपासून वरची माणसं, आणि मधूनच तिच्यातून बाहेर येणारा पांढरा चेंडू. तोही हळूहळू पांढरा राहिला नाही. पंच शिटी वाजवायचे आणि मग कशासाठी वाजवली हे दोन्ही संघांना समजावून सांगायचे. नाथा नेहमीसारखा वाकलेला होता. त्यामुळे तो धुळीत पूर्ण बुडालेला होता. सरळ उभे राहून खेळणारे दिसत होते.

सुभेदारसाहेब मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसले होते. उंच, मिशांना पीळ दिलेला, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला.

मध्यंतर जवळ आलं तेव्हा डावीकडून चेंडू नाथाकडे आला. त्यानं तो उजवीकडे, जमिनीलगत, लांब मारला. असा फटका तो सामन्यात वीसदा मारत असेल. चेंडू थोडा गेला आणि एका खड्यावर आदळून वर उडाला. पाहुण्या संघाचा फुलबॅक समोरून येत होता. चेंडू त्याच्या तोंडावर बसला. तो खाली बसला, मग आडवा झाला. धूळ खाली बसल्यावर मातीवर रक्त दिसलं. त्याचे पुढचे दोन दात पडले होते.

नाथा स्टिक टाकून त्याच्याकडे धावला. पाहुण्या संघाच्या कप्तानानं त्याला छातीवर हात लावून मागं ढकललं.

"उचलून मारतोस काय? आं?"

"खाली मारला मी. खडा लागला."

"खडा लागला म्हणे. हे मैदान आहे का खाण आहे तुमची?"

"आरं, त्याला पानी तर द्या आधी," नाथा म्हणाला. पिंपातलं पाणी शमुवेलनं तांब्यातून आणलं. त्या मुलानं चूळ भरली आणि लाल पाणी मातीत थुंकलं. धूळ तेवढ्या जागी बसली.

दोन्ही पंच एकमेकांशी बोलले. एकानं बुटाच्या टाचेनं जमीन उकरून पाहिली. मैदान खेळण्यास अयोग्य आहे, असं त्यांनी जाहीर केलं. शिंदे सरांनी विनंती केली, सामना पुढच्या रविवारी खेळवा. पाहुण्या संघाचे व्यवस्थापक म्हणाले, परीक्षा तोंडावर आहे, पुन्हा येणार नाही, नियमाप्रमाणे द्या. नियमाप्रमाणे दिलं.

शिंदे सर सुभेदारसाहेबांकडे गेले. मी शेजारीच उभा होतो.

"साहब, आमचा सेंटर हाफ. पाच नंबर. शुक्रवारी आप आते तो..."

"सर, मैंने देखा क्या?" सुभेदार म्हणाले. त्यांच्या आवाजात तिरस्कार नव्हता. "धूल देखी. जिसे देखा नहीं, उसका नाम कैसे लिखूँ?"

"एक बार अलग से देख लीजिए. उद्या. कधीही."

"हुकुम मॅच देखने का है, सर. अगले साल भेजिए. लडका बुरा नहीं होगा."

"अगले साल उम्र निकल जाएगी."

सुभेदारांनी नाथाकडे पाहिलं. तो दूर उभा राहून दोन्ही हातांनी केसांतली माती झाडत होता. "अफसोस है," ते म्हणाले, आणि जीपकडे गेले.

बक्षीस समारंभ वेळेवर झाला. मंडपात धूळ नव्हती. प्रमुख पाहुण्यांचे कपडे पांढरेशुभ्र होते आणि शेवटपर्यंत तसेच राहिले. भाषणात त्यांनी दुष्काळातही खेळ चालू ठेवल्याबद्दल महाविद्यालयाचं कौतुक केलं. परिसर प्रसन्न ठेवला आहे, इथे आल्यावर स्वच्छतेचा सुवास आला, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. स्वागत समितीच्या प्रमुखांनी नम्रपणे मान लववली. शमुवेल माझ्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, "तो सुवास पाटलाच्या पाठीचा आहे." ह्यावेळीही कुणी हसलं नाही.

करंडक घेताना पाहुण्या संघाचा कप्तान व्यासपीठावर चढला आणि त्याचा बूट ओल्या मातीत घसरला. त्याला दोघांनी सावरलं.

मी बातमी लिहून कार्यालयात दिली. दुसऱ्या दिवशी ती छापून आली. व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं आली होती. सामन्याबद्दल एक वाक्य होतं. धुळीमुळे सामना अपूर्ण राहिला, असं ते वाक्य होतं. त्यात चुकीचं काही नव्हतं.

सोमवारी आम्ही सवयीनं आंघोळी केल्या. पाणी हौदात गेलं. संध्याकाळी कुणी उपसलं नाही. काही दिवसांनी त्याला वास सुटला, डास झाले आणि वसतिगृहप्रमुखांनी शमुवेलचा पाट फोडून मोरी पुन्हा गटाराला जोडायला लावली. मैदानावर त्या वर्षी वारा फिरत राहिला. एप्रिलमध्ये त्याच्या मध्यभागी इतकी माती उडाली होती की खालचा खडक उघडा पडला.

त्या शुक्रवारचा खेळ अधूनमधून आठवतो. कुणाला सांगायला गेलं की जमत नाही. गोल कुणी केले ते सांगता येतं. एखादा माणूस योग्य जागी उभा होता, हे कसं सांगणार? जे सांगता येत नाही त्याची बातमी होत नाही. पुढे मी चाळीस वर्षं बातमीदारी केली आणि हा नियम पाळला. शुक्रवारी सुभेदारानं नाथाला पाहिलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न बातमीत बसत नाही. म्हणून तो कुठेच बसत नाही.

मार्चमध्ये नाथा वसतिगृह सोडून गेला. परीक्षेला बसला नाही. जाण्याच्या दिवशी त्यानं स्टिकला गुंडाळलेली सायकलची ट्यूब सोडली, गुंडाळी करून खिशात ठेवली आणि स्टिक शिंदे सरांच्या खोलीत जमा केली. ती महाविद्यालयाची होती. शमुवेलनं त्याला विचारलं, "त्या दिवशी मला पिंप ओतू दिले असतेस तर?"

"तर वतलं असतं," नाथा म्हणाला. "आन मंग आयला काय सांगितलं असतं?"

"आईला कशाला सांगायचं?"

"तू न्हाई सांगत तुज्या आयला?"

दोघं स्टँडवर गेले. पाथर्डीची गाडी भरलेली होती. नाथा टपावर चढला.

त्या वर्षी पाऊस झाला. वैशाखात नाथाचं लग्न झालं होतं. मुलगी मामाच्या गावचीच. आमच्यापैकी कुणाला बोलावणं नव्हतं. दसऱ्यानंतर कारखाने सुरू झाले. शमुवेलला तेव्हा श्रीगोंद्याला शाळेत शिक्षकाची जागा मिळाली होती. नोव्हेंबरात एका संध्याकाळी तो कारखान्याच्या रस्त्यानं जात असताना उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. रांगेत त्याला नाथा दिसला. गाडीवर मोळ्यांच्या उतरणीला त्याची बायको बसली होती, डोक्यावरचा पदर दातांत धरून. शमुवेलनं हाक मारली. नाथानं वळून पाहिलं आणि हात वर केला. शमुवेल रस्ता ओलांडून येईपर्यंत पुढची गाडी हलली. नाथानं बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि गाडी वजनकाट्यावर घेतली.